तळ्यावरची घोषणा

"खरमाटे, तुम्ही आज श्वाससुद्धा बेतानं घ्या," डॉक्टर म्हणाले.

पहाटेचे पावणेसहा झाले होते. माळवडच्या तलावाच्या बांधावर आम्ही चौघं उभे होतो, आणि मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. डॉक्टर इंगवले हे गुरांचे डॉक्टर. त्यांचा रोगी कधी उलट उत्तर देत नाही, त्यामुळे माणसांकडूनही त्यांची तेवढीच अपेक्षा असे. मी मान हलवून बरं म्हटलं. मान हलवताना माझा आवाज होत नाही, याची मी घरी खात्री करून घेतली होती.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा मी साठीचा होतो आणि मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. त्याआधी एकतीस वर्षं मी माळवडच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो. गाडी कुठून आली, कुठं जाणार, कुठल्या फलाटाला लागली हे सांगणं माझं काम. पहिली सहा वर्षं स्थानकावर कर्णा नव्हता, मी तसाच सांगायचो. सातव्या वर्षी कर्णा आला, तेव्हा आता साहेबांचा आवाज पूर्वीसारखा येत नाही अशी बाजारपेठेतून तक्रार आली.

अशा माणसानं पाखरं बघायच्या नादाला लागू नये, हे मला मान्य आहे. पण माझी बायको जाऊन सात वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि नोकरी संपल्यावर घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ असे दोघंच उरलो. त्यातलं घड्याळ बोलायचं. म्हणून डॉक्टरांच्या पाखरू मंडळात मी नाव घातलं. मंडळात एकूण चार माणसं: डॉक्टर, शिंपीकाम करणारे मुलाणी मास्तर, शाळेतून निवृत्त झालेल्या शेटेबाई, आणि मी. मी आल्यावर सभासद वाढले आणि पाखरं कमी झाली, असं मास्तर म्हणायचे.

आश्विनात दसरा झाला की आमच्याकडे उत्तरेची पाखरं उतरू लागतात. मूठभर जीव, आणि हिमालय ओलांडून येतात. लांबून निघालेली गाडी लागावी तशी ती एका सकाळी लागलेली असतात. आदल्या दिवशी बाभळ मोकळी, दुसऱ्या दिवशी फांदीवर थिरथिरा. काळसर अंग, पोटाला विटकरी रंग, आणि शेपूट सारखी थरथरतेय, जणू हिमालयातली थंडी अजून अंगातून गेलेली नाही. दर वर्षीचा पहिला थिरथिरा कोणत्या तारखेला आला, हे डॉक्टर एका लाल पुठ्ठ्याच्या वहीत लिहून ठेवत. तेवीस वर्षांच्या तारखा होत्या त्यात. फक्त आदल्या वर्षीच्या तारखेपुढे 'खरमाटे' असं लिहून दोन रेघा मारल्या होत्या.

त्याचं असं झालं की आदल्या वर्षीचा पहिला थिरथिरा मला दिसला. लांबची गाडी लागल्यावर काय करायचं, हे माझ्या हाडात मुरलेलं. मी उभा राहिलो आणि हिमालयाकडून येणारा थिरथिरा सांडव्याच्या बाभळीला लागला आहे, असं सर्वांच्या माहितीसाठी सांगितलं. घोषणा दोनदा करायची असते, म्हणून पुन्हा सांगितलं. थिरथिरा पहिल्या वेळेलाच गेला होता. त्याच्याबरोबर तळ्यावरचं बाकी सगळंही गेलं, आणि डॉक्टरांना त्या दिवशी एक म्हैस सोडून कुठल्याच प्राण्याची नोंद करता आली नाही.

त्या दिवसापासून मंडळात बोलणं बंद झालं आणि खुणा सुरू झाल्या. खुणा मुलाणी मास्तरांनी बसवल्या. धोबी पक्षी दिसला तर दोन्ही हातांनी कपडा पिळायचा. वटवट्या दिसला तर बोटांची चोच करून ती उघडझाप करायची. थिरथिऱ्यासाठी हिवताप भरल्यासारखी बोटं कापवायची. हळद्या हा पिवळाजर्द पक्षी, म्हणून दोन्ही गालांना हळद लावायची. गप्पीदास नावाचा एक पक्षी येतो, त्याच्यासाठी मास्तरांनी खूण शोधण्यात वेळ घालवला नाही, माझ्याकडे बोट दाखवायचं असं ठरवलं. मी एकटाच असलो तर मी माझ्याच छातीवर बोट ठेवायचं. जोडी असेल तर दोन बोटं एकमेकांना चिकटवायची. पाखरू हिवाळाभर राहणारं असेल, म्हणजे मुक्कामी, तर तळवा मांडीवर टेकवायचा. आणि नुसतं वाटेवर उतरून पुढं जाणारं असेल, म्हणजे वाटसरू, तर हात खांद्यावरून मागं झटकायचा. बाकी डॉक्टर एक लाल रुमाल जवळ ठेवत. तो वर गेला की गप्प बसायचं. रुमाल मंडळाचा होता, पण तो माझ्यासाठी आणलेला आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

आता शेटेबाईंचं सांगतो.

मंदाकिनी शेटे. तेहतीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत शिकवलं आणि एकदाही आवाज चढवला नाही. त्या इतकं हळू बोलत की वर्गातल्या पोरांना ऐकण्यासाठी गप्प बसावं लागे. माझ्यावरही तोच प्रयोग आपोआप झाला. तळ्यावरून परतताना आमची वाट एक होती. मी बोलायचो तेव्हा त्या ऐकत आणि त्यांच्याबरोबर अर्धा गाव ऐकत असे. त्या बोलायच्या तेव्हा मी वाकून, श्वास रोखून ऐकायचो. मला गप्प बसवण्याचा हा एकच उपाय आजवर सापडलेला आहे. वर्षभरात मला त्याची इतकी सवय झाली की रविवार सोडून इतर दिवशी मला चुकल्यासारखं वाटायला लागलं. मग ध्यानात आलं की हे पाखरांमुळे नाही.

बाई एकट्याच होत्या. यजमान जाऊन बारा वर्षं झाली होती. मुलगा निरंजन पुण्याला, चांगल्या नोकरीत. तो किती दिवस म्हणत होता, आई, आता तिथं काय आहे, इकडे ये. बाई टाळत होत्या. पण दसऱ्याला त्यानं फोनवर जरा जोर लावला, आणि बाईंनी हो म्हटलं. कायमचं जायचं ठरलं. ज्या रविवारची ही गोष्ट सांगतोय, त्याच रविवारी सकाळी दहा वाजता निरंजन गाडी घेऊन येणार होता. बाईंचे डबे, ट्रंका, गाद्या व्हरांड्यात बांधून तयार होत्या. त्या फक्त निघण्याआधी एकदा तळ्यावर बसायला आल्या होत्या.

म्हणजे मला जे विचारायचं होतं, त्यासाठी माझ्याकडे चार तास होते. ते फक्त त्यांनाच ऐकू जायला हवं होतं, आणि माझ्या तोंडून निघालेली गोष्ट आजवर एकाच माणसाला कधी ऐकू गेलेली नव्हती.

मी तयारी केली नव्हती असं नाही. आठवडाभर न्हाणीघराचं दार लावून मी कुजबुजीचा सराव केला होता. "मला तुम्हाला काही विचारायचं आहे," असं मी बादलीला अगदी घशातल्या घशात म्हणालो. पलीकडच्या बिऱ्हाडातून पोतनीस वहिनींनी विचारा म्हणून सांगितलं.

तर त्या सकाळी डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे जागा वाटून दिल्या. स्वतः समोरच्या काठाला, मास्तर पिंपरणीखाली, बाई मधल्या बाभळीपाशी, आणि मी पार सांडव्याच्या टोकाला, वारा माझ्याकडून शेताकडे वाहत होता तिथं. मी निघालो. तेवढ्यात बाई डॉक्टरांना काहीतरी म्हणाल्या. डॉक्टर वाकले.

"बाई, तुमच्या वाटणीचीसुद्धा पाखरं जातील."

"जाऊ देत," बाई म्हणाल्या. "मीही जातेच आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. एखाद्या द्वाड खोंडाला पहिल्यांदाच दुसऱ्या गोठ्यात बांधताना बघावं तसं. मग रुमाल खिशातून काढून त्यांनी हातात धरला आणि ते समोरच्या काठाला चालू लागले.

मी आणि बाई मधल्या बाभळीखाली बसलो. मध्ये हातभर अंतर. पूर्वेला फटफटलं होतं. तळ्यावर धूर बसल्यासारखं पातळ धुकं. आणि एकाएकी बाभळीच बोलायला लागल्या. भोरड्या होत्या त्या. गुलाबी अंग, काळं डोकं, आणि थव्यात हजार-बाराशे. रात्रभर झाडांत गप्प बसतात आणि तांबडं फुटलं की सगळ्या एकदम बोलतात, कोणी कोणाचं ऐकत नाही. ग्रामसभेत असतो तसाच गलका, फक्त सुरात. फांदी दिसत नव्हती, नुसत्या भोरड्या दिसत होत्या. पाण्याच्या कडेला दोन धोबी शेपट्या आपटत फिरत होते. समोरून मास्तरांनी कपडा पिळला. मी पिळला. बाईंनी पिळला. डॉक्टरांनी वहीत लिहिलं. कसल्या तरी झुडपात वटवट्या टिकटिक करत होता. मास्तरांनी चोच उघडझाप केली. पाखरं भरात होती, हवा गार होती, शेजारी बाई होत्या, आणि मला उगीचच हसू येत होतं. हसायचं नव्हतं. माझं हसणंही दोन फलाटांना पुरतं.

त्या गलक्यात माझी कुजबुज बुडून जाईल असं मला वाटलं. मी बाईंकडे झुकलो. पोटात हवा अजिबात न घेता मी म्हणालो, "बाई, जरा एक विचारायचं होतं."

भोरड्या एकदम गप्प झाल्या.

सकाळच्या पाण्यावरून आवाज सरकत जातो, हे मला नंतर डॉक्टरांनी शास्त्रशुद्ध समजावलं. त्या वेळी मला फक्त एवढं दिसलं की पलीकडच्या घाटावर धुणं धुणाऱ्या दोन बाया कपडे आपटायचे थांबून ताठ उभ्या राहिल्या, आणि डॉक्टरांचा लाल रुमाल वर गेला. तो बराच वेळ वर होता. मग भोरड्या पुन्हा बोलायला लागल्या, बायांनी धुणं हातात घेतलं, आणि रुमाल हळूहळू खाली आला.

बाई ओठ दाबून समोर बघत होत्या. त्यांचे खांदे हलत होते.

सहा वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली. डोंगरावरून ऊन खाली उतरायला लागलं. आणि माझ्या डोक्यात आलं की अरे, आपल्याला खुणा येतात की. बोलायचं कशाला?

तेव्हा हा विचार मला फार हुशारीचा वाटला. आपल्या खुणा फक्त आपल्या मंडळाला कळतात, हे खरं होतं. पण मंडळातल्या उरलेल्या दोघांच्याही डोळ्यांना दुर्बिणी होत्या आणि ते सकाळी सहापासून खुणाच टिपत होते, हे माझ्या लक्षात आलं नाही. एकतीस वर्षं मी खिडकीच्या आत बसून बोललो. बाहेरून मी दिसतो, याचा विचार करायची मला सवय नव्हती.

मी बाईंच्या दंडाला हलकेच बोट लावलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी माझ्या छातीवर बोट ठेवलं. गप्पीदास.

बाईंनी इकडे तिकडे बघितलं. त्यांना दिसला नाही. मी मान हलवली आणि बोट पुन्हा छातीवर ठेवलं.

मग बाईंसाठी खूण करायची होती. मंडळात बाईंची खूण नव्हती. सगळ्या पाखरांत मला एकच खूण शोभेलशी वाटली. मी दोन्ही गालांना हळद लावली.

समोरच्या काठावर खळबळ झाली. हळद्या त्या हंगामात कुणालाच दिसला नव्हता. मास्तर पिंपरणीखालून उठून झाडाच्या शेंड्याकडे दुर्बीण फिरवायला लागले. डॉक्टर गुडघ्यांवर उभे राहिले. मी घाईघाईनं पुढं गेलो, कारण धीर सुटायच्या आत संपवायचं होतं. मी दोन बोटं एकमेकांना चिकटवली. जोडी. आणि तळवा मांडीवर टेकवून चांगला दाबून धरला. मुक्कामी. हिवाळाभर. उन्हाळाभरसुद्धा. पण उन्हाळ्याची खूण मास्तरांनी केलेली नव्हती.

डॉक्टरांनी लिहिलं. मग खोडलं. मग दुर्बीण आमच्यावर रोखली आणि तशीच धरून ठेवली. गप्पीदासाची आणि हळद्याची जोडी निसर्गात होत नाही, असं त्यांनी पुढं मला एकदा तपशिलात सांगितलं. पण त्या क्षणी त्यांनाही काय ते कळलं होतं. मास्तरांना तर आधीच कळलं होतं. शिंप्याला माप घ्यायच्या आधी कळतं.

बाई खाली पाण्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या गालांवर खरंच रंग आला होता. त्या इतका वेळ बसल्या की एक धोबी आमच्या पायांपाशी येऊन गेला. मग त्यांनी उजवा हात उचलला, आणि खांद्यावरून मागं झटकला.

वाटसरू.

बरोबर होतं त्यांचं. डबे बांधलेले होते. पोरगा निघालाही असेल. मी मान हलवली. समंजस माणसानं इथं थांबायला हवं होतं, आणि माझी थांबायची पुरी तयारीही होती. पण तेवढ्यात माझ्या पायांनी मला उभं केलं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. निघायची वेळ झालेली गाडी आणि चढायच्या बेतात असलेला प्रवासी समोर असला की ते आपसूक उभे राहतात. आणि मी उभा राहिलो की पुढचं थांबवणं माझ्या हातात नसतं.

"इकडे लक्ष द्या," मी म्हणालो.

भोरड्या गप्प झाल्या.

"माळवडहून पुण्याला कायमच्या जाणाऱ्या श्रीमती मंदाकिनी शेटे यांना नम्र विनंती. त्यांनी आपला प्रवास रद्द करून माळवडलाच राहावं. विनंती करणार सोपान खरमाटे, वाहतूक नियंत्रक, निवृत्त, वय साठ. घरात दुसरं कोणी नाही. लग्न रीतसर होईल. बाईंनी कृपया नोंद घ्यावी."

बाराशे भोरड्या एकाच वेळी उठल्या. डोक्यावर गुलाबी चादर झटकावी तसं झालं. बाभळीची पानं खाली पडली. धोबी गेले, वटवटे गेले, बगळे, टिटव्या, खंड्या, होतं नव्हतं ते सगळं उठलं आणि तळ्यावरून दोन वळसे घालून डोंगराकडे गेलं. मागं नुसतं ऊन आणि पाणी राहिलं. त्या स्वच्छ शांततेत मी सगळं पुन्हा एकदा सांगितलं, कारण घोषणा दोनदा करायची असते.

डॉक्टरांचा रुमाल अजून वर होता. त्यांनी रुमालाकडे बघितलं, खाली आणला आणि त्यानं तोंड पुसलं.

मग पलीकडच्या घाटावरून त्या दोघींतली वयस्क होती ती ओरडली.

"बाई, आम्ही ऐकलं. तुम्ही ऐकलं का?"

बाईंनी हात वर करून ऐकल्याचं कळवलं.

"मग सांगा की काय ते. आमची धुणी खोळंबल्यात."

पिंपरणीखालून मुलाणी मास्तर बोलले. पाखरं नसल्यामुळे आता बोलायला हरकत नव्हती. "साहेब, तुमचं झालं. आता खाली बसा आणि बाईंना बोलू द्या."

मी बसलो. बाई माझ्याकडे वळल्या आणि त्यांच्या त्या आवाजात बोलायला लागल्या. मी वाकलो. घाटावरच्या दोघीही वाकल्या, पण त्यांना काही ऐकू जाणं शक्य नव्हतं.

"तुम्हाला एक माहीत नाही," बाई म्हणाल्या. "वाकीच्या शाळेवर मी एकोणीस वर्षं सकाळच्या सातच्या गाडीनं गेले. तेव्हा माझं घर स्थानकाच्या मागच्या बोळात होतं. घड्याळ नव्हतं लावलेलं. तुमचा आवाज आला की चप्पल घालायची. काही दिवशी गाडी आली नाही. तुमचा आवाज मात्र रोज आला."

मी डोक्यावर पडलेली बाभळीची पानं काढली.

"तुम्ही मंडळात आलात तेव्हा मी आवाजावरून ओळखलं. चेहरा कुठं बघितला होता? खिडकीला जाळी होती."

मी एकोणीस वर्षांचा हिशेब लावत होतो. वाकीची सातची गाडी. फलाट दोन. रोज मी ती सांगितली होती, आणि कोणासाठी सांगतोय हे मला एकाही सकाळी ठाऊक नव्हतं.

"निरंजनला काय सांगायचं?" बाई म्हणाल्या.

"मी सांगतो," मी म्हणालो.

"ते सांगतो म्हणतात," घाटावरची धाकटी बाई थोरलीला म्हणाली. त्यांना माझं तेवढं ऐकू गेलं होतं.

"आता तुम्ही सांगा, बाई," थोरली ओरडली. "नाही म्हणायचं असलं तर नाही म्हणा. पण आम्हाला ऐकू येईल असं म्हणा."

बाई उठल्या. पदर खोचला. तळ्याकडे तोंड केलं. माझ्या मनात आलं की यांना सांगावं, पोटातून हवा घ्या, घशावर जोर देऊ नका. पण तेवढ्यात त्यांनी श्वास घेतला.

"राहते," त्या ओरडल्या.

तेहतीस वर्षं न वापरलेला आवाज होता तो. कोरा. समोरच्या डोंगरावर जाऊन तो आपटला आणि परत आला, राहते. बांधावर चरणारी एक शेळी खाली बसली. घाटावरच्या बायांनी ओले कपडे डोक्यावर फिरवले. मुलाणी मास्तरांनी टोपी काढून पुन्हा घातली. डॉक्टर वही मांडीवर घेऊन काहीतरी लिहीत होते. ते पुढं मी वाचलं. 'सहा वाजून एकेचाळीस मिनिटं. तलाव पूर्ण रिकामा. निरीक्षक समाधानी.'

मी बाईंकडे बघितलं. बाई काहीतरी म्हणत होत्या. ओठ हलत होते. मी वाकलो, आणखी वाकलो, अगदी कान त्यांच्या तोंडाशी नेला. काहीच येत नव्हतं. बाईंचा घसा बसला होता. त्या एका शब्दात सगळं जाऊन संपलं होतं. पुढं तीन दिवस त्यांच्या गळ्यातून चिमणीएवढाही सूर निघाला नाही. हळद-मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध, आणि डॉक्टरांनी सुचवलेलं एक औषध, जे बाटलीवर म्हशीचं चित्र असल्यामुळे आम्ही घेतलं नाही.

आम्ही चौघं गावात आलो. बाईंच्या दारात, बांधलेल्या डब्यांच्या मध्ये, निरंजनची वाट बघत बसलो. मी मनात वाक्य जुळवत होतो. आईविषयी मुलाला सांगायचं वाक्य साठ वर्षांच्या माणसाला कुठं शिकवलेलं असतं? डॉक्टर मला म्हणाले की घाबरू नका, वासराला नवीन दावणीची सवय चार दिवसांत होते. मास्तर म्हणाले की डॉक्टर, तुम्ही आता बोलू नका.

दहाला पाच कमी असताना गाडी आली. निरंजन उतरला. उंच, चष्मा, बापाच्या वळणावर गेलेला. त्यानं आईकडे बघितलं, मग गळ्यात दुर्बीण अडकवलेल्या आम्हा तिघांकडे बघितलं. बाईंनी स्वतःच्या घशाकडे बोट दाखवलं आणि मग माझ्याकडे.

मी उभा राहिलो. लगेच बसलो. उभं राहायचं नाही असं मी ठरवलं होतं.

"निरंजन," मी म्हणालो, "एक सांगायचं होतं."

"काका, मला माहीत आहे," तो म्हणाला. "फाट्यावर चहाला थांबलो होतो. तिथं चौघांनी अभिनंदन केलं. मी विचारलं कशाबद्दल, तर म्हणाले, तुम्हाला अजून ऐकू आलं नाही?"

बाई खाली मान घालून पदराच्या टोकाशी खेळत होत्या. निरंजन त्यांच्यासमोर येऊन उकिडवा बसला. त्यानं त्यांचे हात हातात घेतले आणि विचारलं, "आई, तुला पाहिजे आहे ना हे?"

बाईंनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. मग त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि हो म्हणून इतक्यांदा मान हलवली की त्यांच्या अंबाड्यातली पिन खाली पडली. निरंजननं ती उचलून दिली. चष्मा काढून पुसला. काचेला काही लागलेलं नव्हतं.

मग तो उठला, गाडीची डिकी उघडली, आणि व्हरांड्यातल्या डब्यांकडे, ट्रंकांकडे, गाद्यांच्या वळकट्यांकडे बघत माझ्याकडे वळला.

"एवढं सगळं आता कुठं न्यायचं, तेवढं सांगा," तो म्हणाला. "आणि काका, हळू सांगा."

मी शक्य तितक्या हळू माझा पत्ता सांगितला. मारुतीच्या देवळामागं, डावीकडून तिसरं घर, निळं दार, किल्ली चौकटीवर.

गल्लीतली आठ दारं उघडली. आठही दारांतून माणसं बाहेर आली, एकेकानं एकेक डबा उचलला, दोघांनी ट्रंक धरली, देवळामागून धावत आलेल्या पोतनीस वहिनींनी उशा घेतल्या, आणि कोणाला काही न विचारता सगळी वरात देवळाच्या दिशेनं चालायला लागली.